सही माझी, हप्ते त्यांचे

"मॅडम, आप तो डिफॉल्टर हैं."

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस मला हे म्हणाला. हळू नाही म्हणाला. मागच्या खुर्च्यांवर अर्धी वसाहत बसली होती. पासबुक भरायला आलेले, पेन्शनवाले, आमच्या हॉस्पिटलातली आया. सगळ्यांनी ऐकलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवलीसुद्धा नाही. नुसतं बोटाने तिच्यावर टकटक केलं आणि माझी फाईल माझ्याकडे सरकवली. उष्टी ताटली सरकवावी तशी.

मी म्हटलं, "कुछ गलती होगी. मैंने तो आज तक लोन लिया ही नहीं."

"सब यही कहते हैं." मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, "नेक्स्ट."

मी उठले. आणि काय केलं सांगू? सॉरी म्हणाले. त्याला! कशाबद्दल, देव जाणे. आमच्या अंगातच मुरलंय ते. कुणी चोर म्हटलं की आधी आम्ही आमचेच खिसे चाचपतो. फाईल छातीशी धरून बाहेर आले तेव्हा आया दाराशी उभी होती. तिने माझी नजर टाळली. त्या टाळण्याने मला जास्त मारलं.

मी भोपाळमध्ये कारखान्याच्या वसाहतीत वाढले. बाबा नागपूरकडचे. कारखान्यात क्रेन चालवायचे. मी कॉलेजात असताना आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी शिकले आणि वसाहतीच्याच हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. पर्मनंट. आमच्या गल्लीतली पहिली पोरगी.

बाबांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हा नियम. ज्या घरात आईला शेवटचं पाणी पाजलं ते घर कारखान्याचं, आपलं नाही. म्हणून मी नेहरू नगरमध्ये दोन खोल्यांचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. जुना होता, पण उजेड होता. बाबा एकटेच बसने जाऊन तो पुन्हा पुन्हा बघून यायचे. माझी खाट इथे, बाबासाहेबांचा फोटो या भिंतीवर, भाजीवाला कुठे उभा राहतो, सगळं त्यांनी विचारून ठेवलं होतं. थोडे पैसे मी साठवलेले, बाकी माझ्या पगारावर कर्ज. घरमालक म्हणाला होता, थांबतो, पण फार नाही थांबणार.

आणि मी डिफॉल्टर.

घाबरलेलं माणूस मूर्खपणा करतं. मी मोबाईलवरून आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. एक नाही तर दुसरा देईल. तिघांनीही नाही म्हटलं. शिवाजी नगरजवळच्या एका बँकेत मात्र एक मुलगी भेटली. तिने खुर्ची ओढून दिली, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "दीदी, पहले अप्लाय करना बंद कीजिए." मग तिने शाळेतल्या बाईंसारखं सगळं समजावलं. तीनशे ते नऊशेच्या मध्ये एक आकडा असतो, त्याला स्कोअर म्हणतात. तुमच्यावर किती भरवसा ठेवायचा, ते बँक त्या आकड्यावरून ठरवते. हप्ता वेळेवर भरला की तो वर चढतो, चुकला की धाडकन खाली येतो. कार्डावर जेवढी उधारी मिळते तेवढी सगळी वापरली तरी खाली. घाईघाईने चार दारं ठोठावली तरी खाली, कारण हा माणूस अडचणीत आहे असं त्यांना वाटतं. कर्ज किती जुनं, किती वर्षं नीट फेडलं, तेही बघतात.

मी म्हटलं, मी तर कधी काही घेतलंच नाही. बाबांनी शिकवलं होतं, कुणाचं देणं ठेवायचं नाही. त्यांनी स्वतः कारखान्यातल्या कामगारांच्या पतसोसायटीकडून उचल घेतली होती, आईच्या आजारपणात. ती दर महिन्याला पगारातून कापली जायची. एकदाही चुकली नाही. मुलगी म्हणाली, ती सोसायटी पुढे काही कळवत नसणार, त्यामुळे ते कुठेच मोजलं जात नाही. घेतलंच नाही म्हणजे चांगलं, असंही नाही. घेऊन फेडलेलं दिसावं लागतं. म्हणजे बाबांचा जन्मभराचा चोख व्यवहार यांच्या हिशेबी शून्य! मला रडू यायला लागलं, आणि रागही.

मग तिने खाली एका ओळीवर बोट ठेवलं. "ये एक है. इसमें आप गारंटर हैं. किश्तें रुकी हुई हैं."

नाव वाचलं. सरपोतदार.

माझ्या नावावर माझं असं काहीच नव्हतं. जे होतं ते त्यांचं होतं.

सरपोतदारसाहेब कारखान्यात मोठे ऑफिसर. मोठ्या बंगल्यांच्या रांगेत राहायचे. आमच्या वसाहतीत महाराष्ट्र मंडळ होतं आणि त्याचे ते अध्यक्ष. गणपती, कोजागिरी, नाटक, सगळं त्यांच्या हुकमावर. आम्हीही मंडळाचे सभासद, वर्गणी भरणारे. बाबा मंडपाच्या बल्ल्या उभ्या करायचे. मला दरवर्षी आभारप्रदर्शन द्यायचे. प्रास्ताविक बंगल्यातली बाई करणार, परिचय बंगल्यातला साहेब करणार, आणि लोक चपला शोधायला लागले की आभार मानायला मी. मला त्याचंही कौतुक होतं. नवं कोरं पातळ नेसून जायचे मी, घ्या!

साहेब बाबांना "काय रे सुदाम" म्हणायचे. बाबा त्यांच्याच वयाचे. त्या घरातल्या कुणीही आमच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. दारातून निरोप द्यायचे आणि जायचे. का, ते आम्हाला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. कुणी बोलायचं नाही.

आणि एका रविवारी साहेब आमच्या घरी आले. आत आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "सुदामराव, कसं काय?"

सुदामराव! बाबा उभेच राहिले. साहेबांनी त्यांना हाताला धरून बसवलं. मी चहा केला. त्यांनी तो घेतला, आणि अर्धा कप आणखी मागितला. मला वाटलं, बदललं जग. खरंच वाटलं. आज हसू येतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

चहा झाल्यावर त्यांनी कागद काढला. मुलाला एम.पी. नगरात जिम काढायची होती. कर्ज साहेबांच्या नावावर. एक जामीन हवा होता, नोकरी पक्की असलेला. "घरातल्याच माणसाला विचारावं म्हटलं. तू म्हणजे आमच्या मंडळाची मुलगी. नुसती फॉर्मॅलिटी असते गं."

बाबा हळूच म्हणाले, "वाचून घे ना बेटा. काय लिवलं हाये ते."

आणि मी काय केलं? मी बाबांकडे डोळे वटारून पाहिलं. मला त्यांची लाज वाटली. एवढा मोठा माणूस आपल्या घरी आलाय, चहा पितोय, आणि हे म्हणे वाचून घे! मी न वाचता सही केली. फोन नंबर साहेबांनीच भरला, बाबांचा, तो त्यांच्याकडे होता म्हणून. साहेब गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "तुमचा जन्म मान खाली घालण्यात गेला. कुणी मान दिला तर तो घेताही येत नाही तुम्हाला."

हे वाक्य मी बोलले आहे. माझ्या बापाला. मला ते खोडता येत नाही.

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत फिरले, साहेब आमच्याकडे चहाला आले होते म्हणून. जामिनाचं नाही सांगितलं. ते मला महत्त्वाचंच वाटलं नव्हतं.

शिवाजी नगरच्या बँकेतून मी घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. मग म्हणाले, "फोन येत होते."

"कुणाचे?"

"बँकेचे असतीन. हिंदीत इचारत, गारंटर के घर से बोल रहे हैं क्या. मी साहेबाकडे गेलो होतो. साहेब म्हणे, असे फोन येतच रायतात, फसवणारे असतात, उचलू नको. मंग मी उचलनं सोडलं."

"मला का नाही सांगितलं बाबा?"

"तुले किती आनंद झाला होता साहेब आले त्याचा. तो काऊन मोडू?"

ते एवढं बोलले आणि ताट घेऊन आत गेले. मी तिथेच बसले. बाबांना वाटत होतं त्यांनी पोरीचं नुकसान केलं. मला वाटत होतं मी बापाचं घर घालवलं. जेवताना आम्ही एकमेकांच्या ताटात वाढत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. एका घरात दोन गुन्हेगार. आणि ज्याने कर्ज घेतलं तो त्या संध्याकाळी क्लबात बॅडमिंटन खेळत असेल.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून मी बंगल्यावर गेले. साहेबांच्या बाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. व्हरांड्यात एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा कुत्रा झोपला होता. त्यांनी त्याला उठवलं नाही. मी उभी राहिले. साहेब आतून हात पुसत आले.

मी सांगितलं. घराचं, बँकेचं, आकड्याचं. मी विनवत होते. हात जोडले नव्हते एवढंच. चूक त्यांची आणि विनवणी माझी.

साहेब म्हणाले, "अगं हो, ती जिम बंद पडली. हप्ते तिच्या खात्यातून जात होते. बघतो मी."

"साहेब, घरमालक थांबणार नाही."

"मग असं कर ना. थकलेलं तू भरून टाक सध्या. घरासाठी साठवलेत म्हणतेस ना? माझे फंडाचे पैसे आले की देतो तुला. मला काय घाई आहे? माझं घर झालं, गाडी झाली, मला आता कुठलं कर्ज घ्यायचंय? स्कोअर तुला लागतो. तर तुझ्याच फायद्याचं सांगतोय."

आतून बाई म्हणाल्या, "आणि यांना असतात की सवलती. सरकार देतं घरं."

मी ऐकून घेतलं. उलट फाटक लावताना मी ते हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून. का? त्यांच्या कुत्र्याची झोप मोडेल म्हणून?

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "भरून टाक. मोठे लोकं हायेत. पान्यात राहून मगराशी वैर नाही करायचं." मलाही तेच वाटायला लागलं. बाबांच्या पैशातलं थोडं, माझं थोडं. घर यंदा नाही तर पुढे. सही केलीये ना, मग भोगायचं. माझा गुन्हा, माझी शिक्षा. मला ते बरोबरच वाटत होतं, हे मी आज सांगते तेव्हा माझ्याच कानशिलात मारावीशी वाटते.

भरणारच होते. सोमवारी बँकेत जाणार होते.

शनिवारी मंडळाचे सेक्रेटरी हॉस्पिटलात आले, साखर तपासायला. तेही बंगल्यांच्या रांगेतले, साहेबांचे जिवलग. साहेब रिटायर होत होते, रविवारी हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. मी सेक्रेटरींच्या दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा ते म्हणाले, "आभार तूच मानायचे आहेत हं. साहेबांबद्दल दोन शब्द जास्त बोल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांचे आभार मानण्यासारखं काही उरलं नाही सर." आणि मी त्यांना जामिनाचं सांगितलं. मला वाटलं, जिवलग मित्र आहेत, समजावतील त्यांना.

ते हसले. वाईट नाही हसले. मोठ्या माणसाने पोराच्या चुकीला हसावं तसं हसले.

"अगं, त्यांनी आधी मलाच विचारलं होतं. मी सरळ नाही म्हणालो. जामीन राहिलं की ते कर्ज आपल्याही नावाला चिकटतं. उद्या आपल्याला काही घ्यायचं झालं तर बँक तेही मोजते. त्याने हप्ता चुकवला की आपला स्कोअर बुडाला. हे कुणालाही माहीत असतं. आमच्या रांगेतल्या कुणीच सही दिली नाही. शेवटी मीच म्हटलं त्यांना, सुदामच्या पोरीला विचारा. पर्मनंट आहे. आणि घरी जाऊन विचारलंत तर ती नाही म्हणायची नाही."

सुई माझ्या हातात होती. मी त्यांना म्हटलं, मूठ आवळा. रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, कापूस दाबून धरायला सांगितला. काम चोख केलं. मग मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले.

म्हणजे ते ठरवून आले होते. खुर्चीत बसणं ठरवून. सुदामराव ठरवून. आणखी अर्धा कप ठरवून. त्यांना आमची भूक माहीत होती. पैशाची नाही, ती तर सगळ्यांना असते. माणूस म्हणून वागवलं जाण्याची भूक. त्यांनी तीच तारण ठेवून घेतली. ज्यांना माहीत होतं त्यांनी सही केली नाही. आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना एका रविवारपुरता मान दिला.

मी इतके दिवस स्वतःला म्हणत होते, तू मूर्ख, तू हावरी, तू बापाचं ऐकलं नाहीस. ते खरंच होतं. आजही आहे. पण त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदा दिसलं की त्या ओझ्यात अर्धं दुसऱ्याचं आहे आणि तेही मी माझं समजून वाहतेय. इतकं गुमान, की त्यांना मागे वळून बघायचीही गरज पडली नाही.

रविवारी मी हॉलवर गेले. बाबा मागच्या रांगेत. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. स्टेजवर साहेब, बाई, शाल, श्रीफळ, हार. भाषणं झाली. निगर्वी माणूस, दिलदार माणूस, शब्दाला जागणारा माणूस. शब्दाला जागणारा म्हटल्यावर टाळ्या पडल्या.

मग माझं नाव पुकारलं. लोक उठायलाच लागले होते.

मी माईकजवळ गेले. हॉल दिला त्यांचे आभार मानले. मांडववाल्याचे मानले. नाश्ता बनवणाऱ्या बायकांचे, नावं घेऊन. मग म्हटलं, "साहेबांचे आभार मानायला मला सांगितलंय. ते मी मानत नाही."

उठलेली माणसं तशीच थांबली.

"साहेबांच्या कर्जाला मी जामीन आहे. त्यांनी हप्ते भरणं बंद केलंय. त्यामुळे मला घराचं कर्ज मिळत नाही. माझ्या बाबांना पुढच्या महिन्यात क्वार्टर सोडायचंय. साहेब मला म्हणाले, तूच भर, स्कोअर तुला लागतो. यांच्या रांगेतल्या कुणीही त्यांना सही दिली नाही. म्हणून ते आमच्या गल्लीत आले."

माईक बंद झाला. सेक्रेटरींनीच बंद केला असणार. मी बोलत राहिले. हॉल लहान होता, ऐकू जात होतं. "साहेब, उद्या थकलेले सगळे हप्ते भरा. मी भरणार नाही."

साहेब हार घालून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. बाई उठल्या. "हिला काही लाजबिज आहे की नाही? भर कार्यक्रमात!"

मी म्हटलं, "होती. तुमच्या वाटणीचीही मीच बाळगत होते."

मी खाली उतरले. मला वाटलं होतं, निदान आमच्या गल्लीतले चारजण तरी जवळ येतील. कुणी आलं नाही. आणि बाबा खुर्चीवर नव्हते. ते केव्हाच उठून गेले होते.

घरी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "चाळीस वर्षं कोनी माझ्याकडे बोट नाही दाखवलं. आज सगळे वळून पाहत होते मले." मी पायाशी बसले. पाय दाबायला हात लावला तर त्यांनी पाय आखडून घेतले. जाऊ द्या, हे मी सांगणारच नव्हते. पण सांगते. कारण अशा गोष्टी लोक टाळ्यांवर संपवतात. मला टाळ्या मिळाल्या नाहीत.

साहेबांनी हप्ते भरले नाहीत. घरमालक थांबला नाही. फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. क्वार्टर सोडायचा दिवस आला तेव्हा आम्ही नेहरू नगरच्याच पलीकडे, कोटरा वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत सामान टाकलं. पाणी खालून भरावं लागतं. मी ड्युटीवर असते तेव्हा बाबा भरतात. जिन्यात त्यांच्या बादलीचा आवाज येतो आणि मला आतून कुणीतरी पिळतं. हा गुन्हा माझा आहे. न वाचता केलेली सही माझी, बापाला बोललेलं वाक्य माझं. हे मी कुणावर ढकलणार नाही.

मी बँकेत लेखी दिलं की मी जामीन आहे, नाकारत नाही, पण कर्जदाराकडून आधी वसूल करा. त्याचं घर कुठे आहे, तेही लिहून दिलं. तो डाग पुसून द्या असंही मी विचारलं. म्हणाले, चुकीचा असता तर पुसला असता, हा खरा आहे. ठीक. मग मी हप्त्यावर एक छोटा फ्रिज घेतला. गरज होती म्हणून, आणि माझ्या नावावर माझं असं काही असावं म्हणून. दर महिन्याला तारीख यायच्या आधी भरते. आकडा गोगलगायीसारखा वर सरकतोय. सरकू दे.

परवा साहेबांचा फोन आला. बँकेची माणसं त्यांच्या अरेरा कॉलनीतल्या घरी जाऊन आली होती. मी फोन स्पीकरवर टाकला, बाबा समोर बसले होते.

"झालं गेलं विसर. अर्धे मी भरतो, अर्धे तू भर. प्रकरण मिटेल, तुझा रेकॉर्डही साफ होईल. सुदामरावांना विचार हवं तर, ते समजूतदार आहेत."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं मला वाचता आलं नाही. कदाचित भर म्हणत असतील. आमच्याकडे तेवढे पैसे होते, ते त्यांनाही माहीत होतं. क्षणभर जीभ अडखळली, खोटं कशाला बोलू.

मग मी म्हटलं, "साहेब, अर्धे नाही. एक हप्तासुद्धा नाही. सही मी केली, हे मी कोर्टातही सांगेन. पण आधी तुमचं घर लिलावात निघेल. ते विकून जे कमी पडेल, ते माझ्याकडे मागायला या."

त्यांनी फोन ठेवला.

बाबा मग म्हणाले, "आन् आपलं घर?"

"होईल तेव्हा होईल, बाबा. नाही झालं तर भाड्याने राहू. पण त्यांचे पैसे भरून विकत घेतलेल्या चांगल्या नावाने मी घर घेणार नाही."

बाबा उठले आणि खाली पाणी आलंय का बघायला गेले. त्यांची संमती मिळाली असती तर मला बरं वाटलं असतं. नाही मिळाली. तरी माझं उत्तर तेच आहे, आणि बँक विचारो, कोर्ट विचारो की माझा बाप विचारो, ते तेच राहील.